खंदकाने वेढलेले इंग्लंडमधले मध्ययुगीन वाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या नकाशावर, विशेषतः पूर्वेकडच्या सपाट मुलखात, शेताच्या मधोमध एक निळा चौकोन काढलेला असतो आणि शेजारी जुन्या वळणाच्या अक्षरांत 'मोट' असं लिहिलेलं असतं. हे काय आहे, असं मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मोट म्हणजे नक्की काय? आपली विहिरीवरची मोट नव्हे ना?

नव्हे. हा इंग्रजी शब्द, अर्थ खंदक. पण शब्दाची गंमत अशी की जुन्या फ्रेंच भाषेत 'मोत' म्हणजे मातीचा उंचवटा. खणलेली माती एका बाजूला रचली की उंचवटा होतो आणि दुसऱ्या बाजूला खड्डा उरतो. बोलता बोलता नाव उंचवट्यावरून घसरून खड्ड्यात पडलं आणि तिथेच राहिलं.

इथे ज्या जागांबद्दल लिहिलंय त्या अशा: चारी बाजूंनी किंवा तीन बाजूंनी रुंद, बहुतेक वेळा पाण्याने भरलेला चर, मधे कोरडं बेट आणि बेटावर जमीनदाराचा वाडा, म्हणजे इंग्रजीत मॅनर. चौकोनी आकार सर्वांत जास्त दिसतो, पण गोल, वाकडेतिकडे आणि एकाला एक जोडलेले दुहेरी खंदकही आहेत.

मॅनर म्हणजे वतन का?

जवळपास, पण तंतोतंत नाही. मॅनर म्हणजे एका मालकाच्या ताब्यातली जमीन, तिथली माणसं आणि त्यांच्यावरचे त्याचे हक्क हे सगळं मिळून. मालकाची स्वतःची घरची शेती असे. बांधील कुळांना आठवड्यातले ठरावीक दिवस तिच्यावर राबावं लागे. छोटे तंटे, वारसाहक्क, दंड यांचा निवाडा मालकाच्याच न्यायसभेत होई. त्या न्यायसभांच्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या आजही अभिलेखागारांत आहेत. कोणाची डुकरं कोणाच्या शेतात शिरली इथपासून सगळं त्यांत लिहिलेलं आहे. वाडा हे या कारभाराचं ठिकाण, म्हणून त्यालाही मॅनरच म्हणतात.

असे किती खंदक आहेत, आणि कुठे?

इंग्लंडमध्ये सुमारे ६,००० ठिकाणं माहीत आहेत. सर्वाधिक दाटी मध्य आणि पूर्व भागात आहे, एसेक्स आणि सफोक तर खंदकांनी भरलेले आहेत. एकेका गावाच्या हद्दीत तीन-चार सापडणंही नवलाचं नाही. खणण्याचा भर साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांतला.

दाटी तिथेच का, याचं पहिलं कारण माती. हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली जड चिकणमाती तिथे पसरलेली आहे. तिच्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे खड्डा खणला की तो आपोआप भरतो. दुसरं कारण माणसांचं. त्या भागात मॅनरचे तुकडे होत गेले होते आणि स्वतंत्र शेतकरीही भरपूर होते, म्हणजे 'मीही कोणीतरी आहे' असं दाखवण्याची गरज असलेली घरं जास्त. वॉरिकशायरमधल्या आर्डनच्या जंगलपट्ट्यात नवी जमीन मोकळी करून वसलेल्यांनीही असे खंदक खणले. गर्द झाडीतून जमीन काढली, आता तिच्याभोवती रेघ मारायची, असा तो प्रकार दिसतो.

खंदक म्हणजे शत्रूपासून बचाव, बरोबर?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात. बहुतेक खंदक लढाईच्या कामाचे नव्हते. पाण्याची खोली कित्येक ठिकाणी छातीपर्यंतही येत नाही. आत तटबंदी नाही, बुरूज नाहीत. काही खंदक तर तीनच बाजूंना आहेत. चौथी बाजू मोकळी सोडणाऱ्याला वेढ्याची धास्ती होती असं कोण म्हणेल?

मग एवढा खटाटोप कशासाठी? मुख्यतः मोठेपणासाठी. राजाच्या आणि सरदारांच्या किल्ल्यांना खंदक असत. ते पाहून नाईटांनी, म्हणजे सरदारांखालच्या घोडेस्वार योद्ध्यांनी, केले, नाईटांचे पाहून बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांनी. भिंतीवर कंगोरे चढवायचे तर राजाचा परवाना घेण्याची रीत होती. नुसता खंदक खणायला परवाना लागत नसे. किल्लेदाराचा तोरा स्वस्तात मिळवायचा हा राजमार्ग होता. पाण्यात घराचं प्रतिबिंब पडतं, पाहुण्याला पूल ओलांडूनच यावं लागतं आणि पुलाच्या तोंडाशी दरवाजा असतो. आल्यागेल्याला आपली पायरी कळावी याची ही चोख व्यवस्था.

पण 'फक्त दिखावा' असं म्हणून विषय संपवणंही मला पटत नाही. चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध इंग्लंडला जड गेला. १३१५ ते १३१७ सततच्या पावसाने पिकं बुडून मोठा दुष्काळ पडला आणि दुसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा-सुव्यवस्थेचे बारा वाजले. लेस्टरशायरमधल्या फॉलव्हिल भावांच्या टोळीने १३२६ मध्ये राजाच्या महसूल खात्यातल्या रॉजर बेलर्सचा खून केला आणि १३३२ मध्ये न्यायाधीश रिचर्ड विलोबीला पळवून नेऊन खंडणी उकळली. हे भाऊ जमीनदाराच्याच घरातले! शेजारीपाजारी असे असताना रात्री पूल बंद करून निजता येणं ही काही कमी सोय नव्हती. फौज खंदकाने अडत नाही. गुरंचोर आणि भुरटे दरोडेखोर अडतात.

याशिवाय रोजचे उपयोग होतेच. ओल्या जमिनीचा निचरा होई. लाकूड आणि गवताच्या छपरांना आग लागली तर पाणी हाताशी असे. गुरं आत शिरत नसत. मासे पाळता येत. शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य, त्यामुळे मासा ही चैन नसून गरज होती. संडासाची मोरी याच पाण्यात सुटायची, ही गोष्ट मासे खाणाऱ्यांनी फार मनावर घेतली नसावी.

एवढा खंदक खणायला किती माती उपसावी लागे?

गणित करून पाहा. मधलं बेट ४० मीटर बाय ४० मीटर, खंदक ८ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल धरू. कडा उभ्या धरल्या तर साधारण २,३०० घनमीटर माती निघते. कडा उतरत्या असतात म्हणून दीड हजार धरा. ती सगळी बेटावर पसरली तर बेट जवळजवळ एक मीटरने उंच होईल. प्रत्यक्षात काही बेटं अशी उचललेली दिसतात, काही आजूबाजूच्या शेताच्याच पातळीवर आहेत. म्हणजे तिथली माती बाहेर बांधावर गेली किंवा भिंती लिंपायला वापरली. माती कुठे गेली हा प्रश्न उत्खनन करणारे पहिल्या दिवशीच विचारतात, कारण भर टाकली असेल तर तिच्याखाली खंदकाच्या आधीची जमीन जशीच्या तशी दबलेली असते. त्या जुन्या जमिनीत नांगराच्या खुणा मिळाल्या तर इथे आधी शेत होतं. घराच्या खांबांचे खड्डे मिळाले तर वाडा आधीचा आणि खंदक नंतरची हौस.

पाणी यायचं कुठून?

चिकणमातीच्या पठारावर पावसाचं आणि जमिनीतलं पाझरपाणी पुरे. नदीकाठी किंवा उतारावर ओढ्यातून पाट काढून पाणी आत घेत आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर सोडत. उन्हाळ्यात कोरडे पडणारे खंदकही होते.

बेटावर काय काय असे?

हॉल, म्हणजे उंच छपराची मोठी खोली. मधे चूल, एका टोकाला मालकाचा मंच. त्याला लागून खाजगी खोल्या, दुसऱ्या बाजूला कोठीघर. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने बहुधा वेगळं. ऐपतीप्रमाणे छोटं प्रार्थनागृह. तबेले, धान्याची कोठारं, कबुतरखाना वगैरे बेटावर, नाहीतर खंदकापलीकडच्या अंगणात. पण प्रत्येक बेटावर घर होतंच असं नाही. काहींवर फळबाग किंवा बगिचा होता, काही मठांच्या शेतवाड्या होत्या. रिकामं बेट सापडलं की 'उत्खनन फसलं' असं समजू नये.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने यांत एवढं विशेष काय?

चिखल. मालकाने खंदक खणला तो मिरवण्यासाठी, आणि अभ्यासकाला त्यातला गाळच घराहून मोलाचा वाटतो.

बेटावरचा वाडा लाकडाचा असेल तर वर काही उरत नाही. खांबांचे खड्डे, चुलीची भाजकी माती, थोडी खापरं. दगडाचा असेल तर दगड गावकऱ्यांनी नेलेला असतो. खंदकाच्या तळाशी मात्र पाणी कायम साचलेलं असतं, तिथे हवा पोचत नाही, आणि हवा नाही म्हणजे कुजवणारे बहुतेक जीवाणूही नाहीत. खंदकात आडवा चर घेतला की वरचे थर ओळखीचे वाटतात: गवताची मुळं, पिवळी-करडी माती, एखादी प्लास्टिकची पिशवी, फुटकी कौलं. खाली गेलं की रंग बदलतो आणि काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ लागतो. सडक्या अंड्याचा वास येतो. त्या गाळातून ओकची फांदी साल शाबूत असलेली निघते, आतली बाजू क्षणभर ताज्या लाकडाच्या रंगाची दिसते आणि उजेड-वाऱ्यात बघता बघता काळवंडते. म्हणून बादली, ओली फडकी आणि पिशव्या आधीच तयार ठेवतात. सातशे वर्षं टिकलेलं लाकूड किंवा चामड्याचा बुटाचा तळवा वाळला की आक्रसतो, तडकतो आणि हातचा जातो.

त्या गाळातून काय कळतं, याचे काही नमुने सांगतो. पूल बांधताना तळाशी आडव्या टाकलेल्या ओकच्या तुळया पुष्कळदा जागच्या जागी मिळतात. त्यांची वर्षवलयं मोजून ज्ञात क्रमाशी जुळवली आणि सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असलं, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगता येतं, कधी कधी ऋतूसुद्धा. त्या काळी ओक ओलाच वापरत, त्यामुळे तोडल्याचं वर्ष म्हणजे जवळजवळ पुलाचं वर्ष. खापरांवरून 'तेराव्या शतकाचा उत्तरार्ध' एवढंच म्हणता येतं. इथे थेट साल हाती लागतं.

परागकणांवरून आजूबाजूला जंगल होतं, कुरण होतं की गहू-राय, ते उलगडतं. भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचं सांगतात की गुरांचं शेण जवळ होतं की साठवलेलं धान्य. संडासाच्या मोरीखालचा थर तर खजिनाच. अंजिराच्या आणि द्राक्षांच्या बिया पोटातून न पचता बाहेर पडतात, म्हणजे आयात केलेला सुका मेवा कोणाला परवडत होता ते कळतं. जंतांची अंडीही तिथेच मिळतात, म्हणजे मेवा खाणाऱ्याचं पोट कसं होतं तेही. हिशेबवह्यांत खरेदी लिहिलेली असते. पोटदुखी लिहिलेली नसते.

म्हणजे प्रत्येक खंदकात मध्ययुग जसंच्या तसं सापडतं?

दुर्दैवाने नाही. खंदक वापरात असताना मालक अधूनमधून गाळ उपसून घेत, नाहीतर तो भरून आणि घाण मारून गेला असता. त्यामुळे वाड्याच्या भरभराटीतला गाळ पुष्कळदा कधीच काढून शेतात टाकलेला असतो आणि आज मिळतो तो वाडा ओस पडल्यानंतरचा. कोपरे, पुलाखालची जागा, मोरीचं तोंड इथे खोरं नीट पोचत नसे, म्हणून जुना थर तिथे उरण्याची शक्यता जास्त. शहाणा उत्खनक तिथेच पहिला चर घेतो.

दुसरं संकट आजचं. शेजारच्या शेतात निचऱ्याच्या नळ्या घातल्या की पाण्याची पातळी उतरते, गाळात हवा शिरते आणि शतकानुशतकं टिकलेलं सगळं काही वर्षांत कुजतं. वरून खंदक तसाच दिसतो. आत काही नसतं.

पूर्ण उत्खनन झालेलं एखादं ठिकाण सांगा.

माझी आवडती दोन. कॉर्नवॉलमधलं पेनहॅलम. १९६८ ते १९७३ या काळात ते खणून काढलं. अंगणाभोवती चारी बाजूंनी इमारती, भोवती खंदक, आणि चौदाव्या शतकातच ओस पडल्यामुळे नंतरच्या कोणी त्यात फेरबदल केलेले नाहीत. आज उभ्या असलेल्या जुन्या वाड्यांत प्रत्येक पिढीने काहीतरी पाडलं आणि काहीतरी चिकटवलं. पेनहॅलमचा आराखडा मात्र मूळचा. आज तिथे गवताने झाकलेल्या गुडघाभर भिंती आहेत आणि भोवती झाडी.

दुसरं ऑक्सफर्डशायरमधलं चालग्रोव्ह, बॅरेंटिन घराण्याचा वाडा. १९७६ ते १९७९ उत्खनन झालं आणि वाड्याचा जवळजवळ संपूर्ण आराखडा मिळाला. मालकाचं घराणं कागदपत्रांतून माहीत असल्याने मातीतले टप्पे आणि माणसांच्या पिढ्या शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, हे भाग्य क्वचित लाभतं. अहवाल छापून आला २००५ मध्ये. आपल्याकडच्या रखडलेल्या उत्खनन-अहवालांवर नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग ससेक्समधलं बोडियम काय? तो तर किल्ला आहे.

परवाना १३८५ चा, फ्रेंच हल्ल्याच्या नावाखाली मिळवलेला. पाण्यातून वर आलेला दिसतो देखणा, पण खंदकाचा बांध फोडून पाणी सोडून देणं फार अवघड नव्हतं, असं काही अभ्यासक म्हणतात. किल्ला की दिखाऊ घर, हा वाद अनेक वर्षं चालू आहे. माझं मत विचाराल तर मालकाला दोन्ही हवं होतं.

हे वाडे ओस का पडले?

१३४८-४९ च्या प्लेगनंतर राबायला माणसं उरली नाहीत, मजुरी वाढली आणि घरची शेती परवडेनाशी झाली. छोट्या मॅनर मोठ्यांनी गिळल्या. एका मालकाकडे चार वाडे आले की तो राहणार एकातच. पुढे फॅशनही बदलली. बऱ्याच ठिकाणी मात्र वस्ती कधी तुटलीच नाही, बेटावर आज साधं शेतघर असतं आणि खंदकात बदकं. खरा संहार विसाव्या शतकात झाला, जेव्हा बुलडोझर आले आणि खंदक बुजवून शेत सलग करणं एका दिवसाचं काम झालं.

इंग्लंडबाहेर आहेत का?

आहेत. फ्लँडर्स, नेदरलँड्स, उत्तर फ्रान्स इथे भरपूर. आयर्लंडमध्ये शेकडो, विशेषतः आग्नेयेकडे, आणि तिथे इंग्लंडहून आलेल्या अँग्लो-नॉर्मन लोकांच्या वसाहतीच्या कडेला असलेल्यांना बचावाची गरज खरोखरच होती. पण गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदारांनीही ही पद्धत उचलली. रॉसकॉमनमधल्या क्लूनफ्रीचं ठिकाण कोनॉटच्या ओ'कॉनर राजाचं मानलं जातं.

आपल्या गढ्यांशी तुलना करता येईल का?

तुलना मोहाची आहे, जपून करावी. देशमुखाची गढी आणि मॅनरचा वाडा दोन्ही महसूल गोळा करणाऱ्या घराण्याची ठाणी, इतपत साम्य आहे. पण गढी उंचीवर आणि भिंतीवर विसंबते, मोट पाण्यावर. नगर किंवा परांड्याच्या भुईकोटाचा खंदक तर वेगळ्याच जातीचा. तोफांच्या काळातलं ते खरंखुरं लष्करी काम आहे. दुखणं मात्र सारखंच: आपल्याकडे पांढरीची माती चांगली म्हणून गढी उकरून शेतात नेतात, तिकडे खंदक बुजवून शेत वाढवतात.

शेतातून चालताना मोट ओळखायची कशी?

पहिल्यांदा सफोकमध्ये गेलो तेव्हा नकाशा हातात असूनही मी एका खंदकाशेजारून तीनदा गेलो. डोळ्यांपुढे बोडियमचं चित्र होतं आणि समोर होती खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या नेटलची जाळी, विलोची दोन झाडं आणि हिरवी शेवाळलेली डबकी. शेवटी लक्षात आलं की डबकी काटकोनात वळतायत. निसर्ग काटकोन करत नाही. तेवढं ध्यानात ठेवा.

घरबसल्या शोधायचं तर 'मोट फार्म', 'मोट हाउस' अशी नावं बघा. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर पुरातन ठिकाणं जुन्या वळणाच्या अक्षरांत छापतात. इंग्लंडची लायडार मोजणी, म्हणजे विमानातून लेसर किरणांनी केलेली जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी, फुकट बघायला मिळते, तिच्यात झाडीखालचे आणि अर्धे बुजलेले चरही उठून दिसतात. २०१८ सारख्या कोरड्या उन्हाळ्यात बुजलेल्या खंदकांवरचं पीक जास्त हिरवं राहतं आणि विमानातून आख्खा चौकोन दिसतो.

मेटल डिटेक्टर घेऊन गेलो तर चालेल?

संरक्षित यादीतल्या ठिकाणी अजिबात नाही. १९७९ च्या कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय खणणं आणि डिटेक्टर वापरणं हे दोन्ही गुन्हे आहेत. इतरत्रही जमीनमालकाची परवानगी लागतेच. सार्वजनिक पायवाट शेतातून जात असली तर पायवाटेवरून बघा, बेटावर उतरू नका. ते कोणाचं तरी अंगण असतं.

प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं?

केंटमधलं इथम मोट पहिल्या भेटीला उत्तम. मूळ बांधकाम चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, चारी बाजूंनी पाणी आणि अंगणात सेंट बर्नार्ड कुत्र्यासाठी बांधलेलं भलंमोठं खुराडंही बघायला मिळतं. वॉरिकशायरमधल्या बॅड्सली क्लिंटनमध्ये, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी असलेल्या काळात, १५९१ च्या ऑक्टोबरात झडती आली तेव्हा काही कॅथलिक धर्मगुरू जुन्या मोरीत, पाण्यात पाय बुडवून सुमारे चार तास उभे राहिले आणि वाचले. नॉरफोकच्या ऑक्सबर्ग हॉलचं विटांचं प्रवेशद्वार १४८२ च्या परवान्यानंतरचं. २०२० मध्ये छताचं काम चालू असताना तिथल्या फळ्यांखाली उंदरांच्या बिळांत जुन्या कापडांचे तुकडे आणि हस्तलिखितांचे कपटे सापडले.

लंडनबाहेर जायला वेळ नसेल तर बरमंडसी वॉल ईस्टवर, टेम्सच्या काठी, तिसऱ्या एडवर्डच्या चौदाव्या शतकातल्या वाड्याचे दगड उघड्यावर आहेत. तीन बाजूंनी खंदक आणि चौथ्या बाजूला नदी होती. तिकीट नाही, फाटक नाही. लोक बाकावर बसून सँडविच खातात आणि समोर गवतात बुडालेल्या त्या दगडांकडे बघतही नाहीत.